प्रिंटमध्ये घोंगडं नुसतं काळं का होतं?

आषाढी आटोपली की दरवर्षी माझ्याकडे एकाच चालीचे प्रश्न येतात. वारीचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट केलेत, स्क्रीनवर झकास दिसतायत, आणि घरच्या इंकजेटवर प्रिंट काढली की भलतंच काहीतरी बाहेर येतं. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत आणि सगळी जागा यालाच दिलीय.

प्रश्न : नमस्कार ताई. यंदा चांदोबाच्या लिंबाला रिंगणाच्या दिवशी एका म्हाताऱ्या वारकऱ्याचा फोटो मिळाला, खांद्यावर काळं घोंगडं, डोक्यावर पांढरी टोपी, उन्हात उभे होते. स्क्रीनवर घोंगड्याची वीण न् वीण दिसते. प्रिंटमध्ये घोंगडं म्हणजे नुसता काळा ठोकळा. मग फोटो उजळ करून परत काढला तर टोपीतल्या घड्या उडाल्या. चार मोठे कागद गेले आणि कागद स्वस्त नाहीत. मॉनिटर २४ इंची आयपीएस आहे, घेतल्यापासून सेटिंगला हात लावलेला नाही. काम रात्री जेवणं झाल्यावर करतो, प्रिंट हॉलमध्ये नेऊन बघतो. बिघाड कशात आहे? (सातारा)

उत्तर : बिघाड बहुतेक कशातच नाही. तुम्ही शेवटी जे लिहिलंय ना, सेटिंगला हात लावलेला नाही आणि प्रिंट रात्री हॉलमध्ये बघतो, त्यातच सगळं आलं. फोटोच्या फाइलला आता अजिबात हात लावू नका, आधी उजेडाचं बघू.

स्क्रीन स्वतः उजळते. कागद उजळत नाही, त्याच्यावर जेवढा उजेड पडतो त्यातलाच तो परत देतो. नवीन मॉनिटर खोक्यातून काढून लावला की तो बहुतेक वेळा २५० ते ३५० कँडेला प्रति चौरस मीटर (हे उजळपणाचं माप) एवढ्या जोरात चालू असतो, कारण दुकानाच्या झगमगाटात तो उठून दिसावा लागतो. आता कागदाचं बघा. कागदावर किती लक्स उजेड पडतो त्याला ०.९ नं गुणायचं आणि ३.१४ नं भागायचं, की पांढरा कागद किती कँडेला दिसतो ते कळतं. रात्री घरच्या हॉलमध्ये एका ट्यूबखाली, ट्यूबपासून जरा लांब, १०० लक्स धरा. म्हणजे कागदाचा पांढरा आला साधारण २९ कँडेला. आणि तुमची स्क्रीन २५० वर. जवळजवळ नऊपट, म्हणजे आपल्या भाषेत तीन स्टॉप, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. तीन स्टॉप अंडर गेल्यावर घोंगड्यात काय उरणार? प्रिंटरनं वीण छापलीय हो, ती तिथे आहे, तीच प्रिंट उद्या सकाळी खिडकीपाशी नेऊन बघा, तुमची तुम्हालाच दिसेल.

आता हे जुळवायचं कसं, तर लक्समीटर नसला तरी चालतं, तुमच्याकडे कॅमेरा आहे. स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, अपर्चर एफ ८, मीटरिंग स्पॉटवर. लेन्सचा फोकस बिघडवला तरी हरकत नाही, उलट बरंच, पिक्सेलची जाळी मध्ये येत नाही. आता मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत शटर फिरवा. शटर १/१० सेकंदाला काटा मध्यावर आला तर स्क्रीन साधारण ८० कँडेला आहे, १/१३ ला १०० च्या आसपास, १/१५ ला १२०. तुमचा काटा बहुतेक १/३० किंवा १/४० ला येईल. मॉनिटरचा ब्राइटनेस खाली आणत आणत १/१३ पर्यंत आणा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेलेली वाटेल, डोळ्याला सवय होईपर्यंत कळ काढा, परत वर नेऊ नका.

मग त्याच खोलीत टेबलावर एक दिवा लावा, ज्याचा उजेड फक्त प्रिंटवर पडेल आणि स्क्रीनवर अजिबात पडणार नाही. कोरा कागद, तोच ज्याच्यावर प्रिंट काढणार आहात, दिव्याखाली ठेवा आणि त्याच कॅमेऱ्यानं त्याच सेटिंगला मीटर करा. दिवा जवळ-लांब करत करत कागदाचंही रीडिंग १/१३ ला आणा. १०० कँडेलाच्या स्क्रीनला कागदावर साधारण ३५० लक्स लागतात, दिवा थोडा तिरका ठेवायचा म्हणजे कागदावर त्याची चमक दिसत नाही. झालं, आता दोन्ही पांढरे एकाच पातळीवर आले. छपाईच्या धंद्यात यासाठी आयएसओ ३६६४ नावाचं मानकच आहे, त्यात बारकाईनं तुलना करायला २००० लक्स आणि एरवी प्रिंट पारखायला ५०० लक्स सांगितलेत. घरी २००० लक्सच्या मागे लागू नका, कारण त्याला जुळवायचं तर स्क्रीनही तेवढी उजळ करावी लागेल आणि मग परत जिथे होतात तिथेच.

एवढं केल्यावर मूळ फाइलची, उजळ न केलेल्या फाइलची, पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढा. पूर्ण कागद नको. डार्करूममध्ये आम्ही टेस्ट स्ट्रिप काढल्याशिवाय मोठा कागद डब्यातून बाहेरसुद्धा काढायचो नाही, ती सवय इंकजेटला आणखीनच कामाची आहे. घोंगडं आणि टोपी दोन्ही येतील असा तुकडा कापून घ्या, चेहरा नसला तरी चालेल.

कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनवर ठेवून तिचे रंग मोजायचं यंत्र, घ्यावा का, तर जमलं तर नक्की घ्या, कारण ब्राइटनेस डोळ्यानं आणि कॅमेऱ्यानं जमतो पण करडे रंग खरोखर करडे आहेत का, मधल्या छटा गॅमा २.२ प्रमाणे, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ठरलेल्या चढानं, चढतायत का, हे डोळ्याला कळत नाही. मित्राकडून एका दिवसासाठी आणला तरी चालेल, डिस्प्लेकॅल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते बहुतेक कॅलिब्रेटरवर चालतं. पांढऱ्याचा रंग मात्र ६५०० केल्विनच पाहिजे असा हट्ट नको. दिव्याखालच्या कोऱ्या कागदाकडे बघा, मग स्क्रीनच्या पांढऱ्याकडे बघा, स्क्रीन निळी वाटली तर ५८००, ५५०० असं खाली आणत जा. कागदाला जो जुळला तो बरोबर.

आणि एक विसरू नका, ही प्रिंट शेवटी टांगणार कुठे? त्याच १०० लक्सच्या हॉलमध्ये टांगणार असाल तर तिच्यावर एक छोटा दिवा लावा. दिवा शक्य नसेल तरच त्या भिंतीसाठी म्हणून वेगळी, जराशी उजळ प्रिंट काढा, आणि त्या फाइलला तसं नाव द्या.

प्रश्न : ताई, माझा मॉनिटर कॅलिब्रेट केलेला आहे, १०० कँडेला, दिवाही नीट आहे. कॉटनच्या मॅट कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे छापले जातात ते सांगणारी फाइल) कंपनीच्या साइटवरून घेतलं. पण फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफला, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच बघताना, सिम्युलेट पेपर कलर टिक केलं की फोटोवर दूध ओतल्यासारखं होतं, सगळा कॉन्ट्रास्ट जातो. यूट्यूबवर निम्मे लोक म्हणतात ते बंदच ठेवा, निम्मे म्हणतात चालू ठेवा. प्रिंट प्रत्यक्षात एवढी वाईट येत नाही पण स्क्रीनसारखीही येत नाही. (नाशिक)

उत्तर : चालू ठेवा. ते तुम्हाला खरं सांगतंय, फक्त ते ऐकायची पद्धत वेगळी आहे.

आयपीएस मॉनिटरवर सगळ्यात पांढरं आणि सगळ्यात काळं यांत साधारण १००० पट फरक असतो. कागदावर तो किती असतो हे काळ्याच्या डेन्सिटीवर ठरतं, ज्याला आपण डीमॅक्स म्हणतो. चांगल्या कॉटन मॅटवर डीमॅक्स १.६ च्या आसपास मिळतो. म्हणजे सगळ्यात काळ्या भागातूनही अडीच टक्के उजेड परत येतो, आणि पांढरा-काळा फरक राहतो जेमतेम ३५ पट. ३५ पट! बरायटा (डार्करूमच्या फायबर कागदासारखा चमक असलेला कागद) किंवा ग्लॉसीवर डीमॅक्स २.३ किंवा थोडा वरही जातो, तिथे हाच फरक १८० च्या आसपास येतो. हजाराचं पस्तिसात बसवायचंय, तर काहीतरी सोडावं लागणारच. सिम्युलेट पेपर कलर हेच दाखवतं, कागदाचा काळा स्क्रीनवर ० ला (फोटोशॉपच्या आकड्यांत ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं) न दाखवता ४५-५० च्या आसपास नेऊन दाखवतं, बरायटाचा २५ च्या जवळ.

मग प्रत्यक्ष प्रिंट एवढी दुधाळ का वाटत नाही? कारण हातात प्रिंट घेतली की डोळा त्या कागदाच्या पांढऱ्यालाच पांढरं मानतो आणि त्यातल्या सगळ्यात गडद भागाला काळं. स्क्रीनवर मात्र फोटोच्या भोवती फोटोशॉपचे काळे पॅनल, मेनूची पांढरी अक्षरं, खाली टास्कबार, हे सगळं स्क्रीनच्या खऱ्या काळ्या-पांढऱ्यात असतं, आणि डोळा तुमच्या बिचाऱ्या फोटोची तुलना त्यांच्याशी करतो. म्हणून असं करा. टिक करताना स्क्रीनकडे बघूच नका, मान वळवा, टिक करा, फुल स्क्रीन करा, भोवतीचं बॅकग्राउंड पांढरं किंवा फिकट करडं ठेवा, पॅनल सगळे लपवा, आणि फोटोच्या भोवती कॅनव्हास वाढवून दोन बोटं कोरा पांढरा काठ द्या, जसा प्रिंटला असतो. सिम्युलेशनमध्ये तो काठही कागदाच्या रंगाचा होतो. मग अर्धा मिनिट थांबून बघायला लागा. हा अर्धा मिनिट मोठा महत्त्वाचा आहे, डोळ्याला त्या काठावर स्थिर व्हायला वेळ लागतो. त्यानंतर जे दिसतं ते प्रिंटच्या इतकं जवळ असतं की पहिल्यांदा जमलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, पंधरा वर्षं झाली त्याला, अजून तो होतो.

आता सुधारायचं काय? बहुतेक जण दुधाळपणा घालवायला काळे आणखी खाली दाबतात, आणि तिथेच फसतात. कागदाचा काळा ठरलेला आहे, तुम्ही कितीही दाबलं तरी त्याच्या खाली जात नाही, फक्त त्याच्या आजूबाजूच्या छटा त्याच्यात बुडतात. आजीच्या अंगावर काळी चंद्रकळा असलेला फोटो डोळ्यापुढे आणा. तिच्या निऱ्या, पदर, काठ हे सगळं ५ ते ३५ या आकड्यांत बसलेलं असतं. मॅटवर हा पट्टा चेपला जातो. तेव्हा कर्व्हमध्ये अगदी खालचं टोक तिथेच ठेवा, त्याच्या जरा वरचे, २० ते ४० मधले, थोडे वर उचला म्हणजे निऱ्या सुट्या होतील, आणि फोटोला जो जोर हवाय तो मधल्या छटांतून काढा, ८० ते १७० च्या मधला उतार थोडा तीव्र करा. चेहरा त्याच भागात असतो. माणसाची नजर चेहऱ्यावर जाते, तिथे कॉन्ट्रास्ट असला की काळा थोडा कमी काळा आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. हे सगळं वेगळ्या लेयरवर, लेयरला कागदाचं नाव. मूळ फाइल तशीच.

पडताळायला सोपी रीत आहे. मूळ फोटो सॉफ्ट प्रूफशिवाय एका खिडकीत, प्रूफवाला दुसऱ्या खिडकीत, दोन्ही शेजारी. दोन्ही अगदी सारखे करायचा प्रयत्न नको, होणार नाहीत, पण डोळा कुठे आधी जातो, कुठे थांबतो हे दोन्हीकडे सारखं आलं की प्रिंट काढा.

रेंडरिंग इंटेंट, म्हणजे कागदावर न मावणाऱ्या छटा कशा बसवायच्या ते ठरवणारं सेटिंग, रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, सोबत ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू, यानं सुरुवात करा, पर्सेप्च्युअलही बघा, ब्लॅक अँड व्हाइटला दोघांत फरक असतो तो सावल्यांतच. जे प्रूफमध्ये निवडलं तेच प्रिंट करताना निवडायचं एवढं लक्षात ठेवा.

आणि मॅटच का, हेही एकदा स्वतःला विचारा. मॅटचा काळा मऊ असतो, धुक्यातली सकाळ, जुनं लाकूड, माणसांचे शांत चेहरे त्याच्यावर फार सुंदर दिसतात आणि काचेशिवायही बघवतात. पण काळ्या पाषाणाचं देऊळ, पावसात भिजलेला डोंगर, जिथे काळ्यात काळं वाचायचंय, तिथे मी सरळ बरायटा वापरते. त्याच्यावरचा इंकजेटचा काळा जुन्या डार्करूममधल्या फायबर प्रिंटला तोडीस तोड असतो.

प्रश्न : माझ्याकडे एप्सनचा फोटो प्रिंटर आहे, ड्रायव्हरमधल्या ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोडनं फार छान न्यूट्रल प्रिंट येतात. पण त्या मोडला प्रोफाइल निवडता येत नाही, मग प्रीव्ह्यू कशाच्या भरवशावर बघायचा? दर वेळी अंदाजे दोन-तीन प्रिंट जातात. (डोंबिवली)

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण याला उत्तर आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं.

एप्सननं २००५ मध्ये के ३ इंक आणल्या, म्हणजे एका काळ्याच्या जोडीला दोन फिकट काळ्या, आणि त्यांच्याबरोबर हा ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट, थोडक्यात एबीडब्ल्यू, मोड आला. त्यात करडी छटा मुख्यतः या तीन काळ्यांतून तयार होते, रंगीत इंक अगदी चिमूटभर लागते, म्हणून प्रिंट न्यूट्रल राहते आणि दिवा बदलला तरी फारसा रंग बदलत नाही. पण तुम्ही म्हणता तसं, हा मोड नेहमीच्या आयसीसी (प्रोफाइलचा सर्वमान्य नमुना) प्रोफाइलच्या रस्त्यानं जातच नाही. फाइलमधले आकडे ड्रायव्हरकडे जातात आणि ड्रायव्हर आपल्या हिशोबानं छापतो. वर टोनचं एक सेटिंग असतं, त्यात डीफॉल्टच डार्कर असतं, नॉर्मल नसतं, आणि ते नाव वाचून लोक घाबरून नॉर्मल करतात, मग प्रिंट फिकट येते. मी डार्करच ठेवते.

प्रीव्ह्यूसाठी करायचं असं की प्रिंटर त्या मोडमध्ये, त्या कागदावर, त्या सेटिंगला नेमका काय करतो हे मोजायचं आणि त्याचं प्रोफाइल आपणच बनवायचं. रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोनरिप नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्यासोबत आयसीसी बनवायचं एक छोटं साधन येतं. २१ पायऱ्यांची पट्टी घ्यायची, ० टक्क्यांपासून ५-५ टक्क्यांनी १०० पर्यंत, ती एबीडब्ल्यूमध्ये छापायची, एक दिवस वाळू द्यायची, स्पेक्ट्रोनं (कागदावरचा रंग मोजायचं यंत्र) प्रत्येक पायरी मोजायची आणि ते आकडे त्या साधनाला द्यायचे. ते एक ग्रे प्रोफाइल तयार करून देतं. स्पेक्ट्रो स्वतःचा असायची गरज नाही, तुमच्या भागात प्रोफाइल बनवून देणारे असतात, त्यांना फक्त पट्टी मोजून आकडे द्या म्हटलं तरी पुरतं.

मग फोटो ग्रेस्केलमध्ये, ग्रे गॅमा २.२ मध्ये, न्यायचा. प्रूफ सेटअपमध्ये हे प्रोफाइल निवडायचं आणि इथे एक गोष्ट नेहमीपेक्षा उलटी आहे, प्रिझर्व्ह नंबर्स टिक करायचं. कारण एबीडब्ल्यूला आकडे जसेच्या तसे जातात, मध्ये फोटोशॉप काही बदलत नाही, तर प्रीव्ह्यूही तसाच बघायला पाहिजे. एरवीच्या रंगीत प्रिंटला हे टिक बंद असतं. सिम्युलेट पेपर कलर चालू, आणि बघताना वर नाशिकच्या वाचकांना सांगितलेली सगळी पथ्यं पाळायची.

मोजणं शक्यच नसेल तर मी पूर्वी जे करायचे ते सांगते. तीच २१ पायऱ्यांची पट्टी छापून वाळवून दिव्याखाली ठेवा, स्क्रीनवर तीच फाइल उघडा, वर एक कर्व्ह लेयर टाका आणि स्क्रीनवरची पट्टी कागदावरच्या पट्टीसारखी दिसेपर्यंत कर्व्ह हलवत राहा. काळं टोक वर येईल, पांढरं किंचित खाली, मधला भाग बहुतेक थोडा वाकेल. अर्धा तास लागतो, घाई करू नका, मधून मधून उठून खिडकीबाहेर बघून या. हा लेयर सेव्ह करा, नाव द्या बघण्यापुरता. पुढे कुठलाही फोटो त्या कागदावर छापायचा असला की हा लेयर सगळ्यात वर टाकायचा, त्याच्याखाली फोटोत दुरुस्त्या करायच्या, आणि छापायच्या आधी तो बंद करायचा. बंद करायला विसरलात तर प्रिंट फिकट येईल, तेवढं सांभाळा. प्रोफाइलइतकं अचूक नाही, पण तीन वाया प्रिंटांची एक होते.

पट्टीचा आणखी एक फायदा. शेवटच्या दोन-तीन काळ्या पायऱ्या, ९०, ९५, १००, कागदावर वेगळ्या दिसतात का ते बघा. मॅटवर ९५ आणि १०० बऱ्याचदा एकच दिसतात. वेगळ्या दिसत नसतील तर तेवढ्या भागात काहीही महत्त्वाचं ठेवायचं नाही हे कळलं. आणि ९० सुद्धा बुडत असेल तर ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार चुकलाय का बघा, मॅट कागदाला फोटो ब्लॅक इंक लागली की काळा असाच भुरकट आणि सपाट येतो. मॅटला मॅट ब्लॅक, ग्लॉसी-बरायटाला फोटो ब्लॅक.

प्रश्न : सगळं व्यवस्थित केलं तरी प्रिंट प्रीव्ह्यूपेक्षा खूपच वेगळी, कधी गडद कधी विचित्र. (कोल्हापूर)

उत्तर : फार थोडक्यात लिहिलंय तुम्ही, पण वेगळेपणा खूप आणि विचित्र असेल तर दोनच जागा आधी तपासा. एक, फोटोशॉपमध्ये फोटोशॉप मॅनेजेस कलर्स निवडलंय आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही कलर करेक्शन चालूच राहिलंय, म्हणजे एकाच फाइलवर दोनदा संस्कार झाले. फोटोशॉपनं करायचं तर ड्रायव्हरचं बंद, आणि एबीडब्ल्यू वापरायचा असेल तर उलट, फोटोशॉपमध्ये प्रिंटर मॅनेजेस कलर्स. दोन, ग्रेस्केल करताना फाइल डॉट गेन २० टक्के (छपाईत शाईचे ठिपके पसरतात ते धरून केलेलं सेटिंग) मध्ये गेलीय का. फोटोशॉपच्या मूळ सेटिंगमध्ये करड्यासाठी तेच असतं, ते ऑफसेट छपाईसाठी आहे, इंकजेटच्या कामाचं नाही. कलर सेटिंगमध्ये जाऊन ग्रे गॅमा २.२ करून ठेवा, आणि जुन्या फाइल कन्व्हर्ट करा, असाइन नको, असाइन केलं तर फोटोच बदलेल.

प्रश्न : ताई, माझा एप्सन एल ८०५ आहे. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट दिवसा व्हरांड्यात बघितली तर छान, रात्री ट्यूबखाली हिरवट आणि हॉलच्या पिवळ्या दिव्याखाली जांभळट वाटते. स्क्रीनवर तर पूर्ण न्यूट्रल आहे. प्रीव्ह्यूमध्ये हे आधी कळेल का? (मडगाव)

उत्तर : नाही कळणार, आणि यात तुमची चूक काहीच नाही. प्रोफाइल एकाच ठराविक उजेडासाठी बनवलेलं असतं, डी ५० म्हणतात तो, साधारण ५००० केल्विनचा दिवसाचा उजेड. स्क्रीन तुम्हाला त्या उजेडात प्रिंट कशी दिसेल एवढंच सांगते. एल ८०५ मध्ये सहा इंक आहेत पण काळी एकच, बाकी निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि त्यांतल्या दोघींच्या फिकट छटा. म्हणजे तुमचा करडा हा बराचसा निळा, गुलाबी आणि पिवळा यांचा तोल आहे, आणि उजेड बदलला की तो तोल कलतो. घरोघरी आता ६५०० केल्विनच्या एलईडी ट्यूब असतात, त्यांचा उजेड सूर्यासारखा सलग नसतो, त्यात निळ्याचा उंचवटा असतो, त्यामुळे फरक आणखी जाणवतो.

उपाय असा की प्रिंट जिथे राहणार तो दिवा आधी ठरवा, त्याच्याखाली छोटी प्रिंट बघा आणि त्या दिव्यासाठी करड्यात किंचित उबदार छटा मुद्दाम घाला. जरासा तपकिरीकडे झुकलेला फोटो थोडा इकडे-तिकडे कलला तरी डोळ्याला खटकत नाही, पूर्ण न्यूट्रल करडा मात्र केसभर हलला तरी हिरवा दिसतो. कागदही बघा. खूप शुभ्र कागदात पांढरेपणासाठी ब्राइटनर घातलेले असतात, ते अतिनील किरणांवर चमकतात, म्हणून व्हरांड्यात तो कागद निळसर पांढरा दिसतो आणि घरातल्या एलईडीखाली तोच पिवळट पडतो. ब्राइटनर नसलेला कागद सगळीकडे सारखा दिसतो, थोडा क्रीम असतो एवढंच. आणि तुमच्या प्रिंटरसारख्या डाय (विरघळलेल्या रंगाच्या) इंकच्या प्रिंटचा रंग काढल्या काढल्या ठरवू नका, २४ तास थांबा, तुमच्याकडे पावसाळ्यात तर जास्तच. उघडलेला कागद परत पिशवीत घालून सीलबंद ठेवा, दमट कागद कडांना वर येतो आणि हेड घासतं.

मी स्वतः हे एका प्रदर्शनात शिकले. घरी पांढऱ्या दिव्याखाली चोवीस प्रिंट जुळवल्या, महिनाभर खपून, आणि हॉलमध्ये लावल्यावर तिथल्या पिवळ्या स्पॉटलाइटखाली मॅटच्या सगळ्या सावल्या मातकट झाल्या. उद्घाटनाला चार तास होते, काही करता आलं नाही. तेव्हापासून कुठल्याही हॉलला आधी एक प्रिंट घेऊन जाते, त्यांचे दिवे लावायला सांगते आणि तिथे उभी राहून बघते, मग बाकीच्या काढते.

प्रश्न : मी अकरावीत आहे. माझ्याकडे प्रिंटर नाही, शहरातल्या लॅबमधून प्रिंट मागवते. लॅपटॉप घरच्यांचा आहे, कॅलिब्रेटर घेणं शक्य नाही. तरी मला ब्लॅक अँड व्हाइटमध्ये नीट काम शिकायचंय. काय करू? (बार्शी)

उत्तर : तू नक्की शीक, प्रिंटर नसल्यानं काही अडत नाही. लॅबला फोन करून विचार की इंकजेट पिगमेंट प्रिंट कुठल्या कागदावर काढता आणि त्याचं प्रोफाइल मला पाठवाल का. चांगली लॅब देते. नाही दिलं तरी पहिल्या ऑर्डरमध्ये फोटोबरोबर एक ए४ जास्त मागव, त्याच्यावर वर २१ पायऱ्यांची पट्टी आणि खाली तुझ्या चार वेगळ्या फोटोंचे तुकडे, एक खूप काळं असलेला, एक खूप पांढरं असलेला, एक चेहरा, एक आभाळ. त्यांना सांग की फाइलवर काहीही करेक्शन करू नका, आहे तशी छापा. हे सांगायला लाजू नकोस, नाहीतर बऱ्याच ठिकाणी भल्यासाठी म्हणूनच उजळ करून देतात आणि मग तुला काहीच कळत नाही.

तो ए४ आला की तोच तुझा कॅलिब्रेटर. दिवसा, ऊन थेट येत नाही अशा खिडकीपाशी बस, लॅपटॉपचा नाइट मोड आणि आपोआप ब्राइटनेस दोन्ही बंद कर, स्क्रीन डोळ्यासमोर सरळ धर कारण लॅपटॉपची स्क्रीन थोडी कलली तरी काळे बदलतात, आणि कोऱ्या कागदाएवढी स्क्रीन पांढरी दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी-जास्त कर. ती जागा, ती वेळ, ब्राइटनेसच्या किती रेघा, हे वहीत लिहून ठेव. रोज तिथेच, त्याच वेळी काम कर. मग वर डोंबिवलीच्या वाचकांना सांगितलेला बघण्यापुरता लेयर बनव, तो फुकटच्या गिंपमध्येसुद्धा जमतो.

आणि येणाऱ्या प्रत्येक प्रिंटच्या मागे, कोपऱ्यात, पेन्सिलीनं तारीख, कागद आणि काय बदललं होतं ते लिही. पेन नको, शाई पुढे उमटते. दहा प्रिंट झाल्या की त्या सगळ्या एका दुपारी जमिनीवर मांड आणि मला परत पत्र लिही, सोबत फोटो नको, मागच्या नोंदी पाठव.